विपश्यनेचं पहिलं शिबिर: अर्जापासून नंतरच्या काही महिन्यांपर्यंत

विपश्यनेला, म्हणजे दहा दिवस मौन पाळून ध्यान शिकण्याच्या निवासी शिबिराला, जायच्या आधी नेटवर जे जे सापडलं ते मी वाचून काढलं होतं. त्यात दोनच प्रकारची माणसं भेटली. एकांचं आयुष्य पार बदलून गेलं होतं. दुसरे तिसऱ्या दिवशी बॅग उचलून घरी आले होते आणि 'तुरुंग आहे तो' असं लिहून मोकळे झाले होते. (तिहारच्या तुरुंगात १९९४ साली हजारावर कैदी एकाच वेळी शिबिराला बसले होते. त्यांना ही तुलना ऐकवायला हवी.) जो गेला, दहा दिवस पुरे केले, परत येऊन कामाला लागला आणि ज्याच्यात थोडासाच फरक पडला, असा मधला माणूस काही मला सापडला नाही. म्हणून हे लिहितेय. अर्ज, रजा, वाट बघणं, गुडघे, सगळं जसं घडलं तसं.

'पण जायचं कशाला?' हा प्रश्न घरात आणि ऑफिसात सगळ्यांनी पहिल्यांदा विचारला. वाईट काहीच घडलं नव्हतं. उलट डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता फिटला. बँकेतून घराची मूळ कागदपत्रं परत आली, येणे बाकी नसल्याचा दाखला आला. गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात एक यादी होती. नोकरी कायम झाली की निवांत, घर झालं की निवांत, मुलाची दहावी झाली की, कर्ज फिटलं की. ती फाइल कपाटात ठेवली आणि त्याच आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर आमच्याच भागातल्या मोठ्या घरांच्या जाहिराती बघत बसले होते. नवऱ्याने विचारलं, "आता काय शोधतेस?" मला सांगताच येईना. गंमत म्हणजे मला मोठं घर नकोच होतं. केर काढायला कोण आहे?

ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी दोन शिबिरं केली होती. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी सांगून काही कळायचं नाही. अर्ज भर."

अर्ज एप्रिलमध्ये भरला. धम्म डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर केंद्र निवडायचं, तारखा बघायच्या आणि फॉर्म भरायचा. मी इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र निवडलं, कारण कल्याणहून गाडी सोयीची. फॉर्म वाटला होता त्यापेक्षा लांबलचक निघाला. नाव, वय, शिक्षण हे झाल्यावर कोणती भाषा समजते, आधी कुठली ध्यानपद्धती केली आहे का, रेकीसारखं काही करता का, घरातलं कोणी त्याच शिबिराला येतंय का, असं विचारतात. मग तब्येतीचे प्रश्न: आजार, शस्त्रक्रिया, गरोदरपण, चालू औषधं, व्यसनं. मानसिक त्रासाबद्दल वेगळं विचारतात. नैराश्य, पॅनिक अटॅक, त्यासाठी घेतलेली औषधं. हे सगळं खरंखरं लिहा. 'लिहिलं तर नाकारतील' म्हणून लपवणारे असतात असं ऐकलं. पण दिवसाला दहा तास डोळे मिटून स्वतःसोबत बसायचं असतं, त्यात कोणाचा जुना त्रास उफाळून येऊ शकतो. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, आणि मनाने औषधं बंद करून तर मुळीच जाऊ नये. मी थायरॉइडची गोळी लिहिली. ती शिबिरातही रोज घेतली.

दोन दिवसांनी उत्तर आलं: प्रतीक्षा यादी. मे गेला, जून गेला. मी जवळजवळ विसरले होते. जुलैच्या सुरुवातीला मेल आला की जागा आहे, येणार असल्याचं अमुक तारखेपर्यंत कळवा. हा मेल नजरेतून सुटला तर जागा दुसऱ्याला जाते, तेव्हा स्पॅमचा कप्पा अधूनमधून उघडत जा. माझ्या तारखा ७ ते १८ ऑगस्ट होत्या. नाव दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे रजा बारा दिवसांच्या हिशेबाने घ्यावी लागते. 'पाच दिवस राहून येते' हे चालत नाही. शेवटपर्यंत थांबेन असं आधी कबूल करावं लागतं.

अर्जित रजेच्या फॉर्मवर 'रजेच्या काळातील संपर्क क्रमांक' असा रकाना असतो. त्यात केंद्राच्या कार्यालयाचा नंबर लिहिला. साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "म्हणजे फोन अजिबातच नाही?" आमचा हिशेबाचा विभाग आहे, जीएसटीच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दोन दिवस बसवून सगळं समजावलं, तेव्हा सही झाली. घरी सासूबाईंना दुसरीच काळजी. नियमावलीत लिहिलं होतं की शिबिराच्या काळात जप, पूजा, उपवास असं काही करायचं नाही, आणि मधे एक श्रावणी सोमवार येत होता. "श्रावणात उपास मोडायचा?" दिवसभर त्यावर खल झाला. शेवटी त्यांनीच तोड काढली: "तुझा सोमवार मी धरते." मग जराशाने म्हणाल्या, "पण दहा दिवस न बोलता? तू?"

सामानाचं थोडक्यात सांगते. सैल कपडे, ओढणी, शाल, चादर, टॉर्च, कुलूप, साधा साबण, डासांचं मलम, आणि गजराचं घड्याळ, कारण मोबाइल जमा होतो. पावसाळ्यात इगतपुरीला जात असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्तच न्या, धुतलेलं वाळत नाही. हॉलबाहेर सगळ्यांच्या एकसारख्या रबरी चपला असतात. मी माझ्या पट्ट्याला लाल दोरा बांधला होता, फार उपयोगी पडला. पुस्तक, वही, पेन काही न्यायचं नाही. शिबिर, राहणं, जेवण यांचे पैसे घेत नाहीत. तिकीट, रिक्षा, घड्याळ, रेनकोट धरून माझे हजार-बाराशे खर्च झाले.

तपोवन एक्स्प्रेसने गेले. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली आणि घाट सुरू झाला तसा पोटात गोळा आला. धम्मगिरीत नोंदणीला रांग होती. ओळखपत्र दाखवायचं, छापील फॉर्मवर पुन्हा तीच माहिती भरायची, नियम वाचून सही करायची, मग खोलीचा नंबर. मोबाइल, पाकीट, दागिने जमा केले. फोन बंद करण्याआधी मुलाला मेसेज टाकला, त्याने अंगठा पाठवला. एवढाच निरोप.

संध्याकाळी हलकं जेवण, सूचना, आणि त्यानंतर आर्य मौन. म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, नजरेला नजर देणंही टाळायचं. अडचण आली तर धम्मसेविकेशी हळू बोलता येतं, आणि दुपारी बारानंतर आचार्यांना भेटता येतं. बायका-पुरुषांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था पूर्ण वेगळी. पंचशील घेतलं आणि श्वासापासून सुरुवात झाली.

वेळापत्रक सगळीकडे वाचायला मिळतं, पण अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण, एक ते पाच पुन्हा ध्यान, पाचला चहा, सहा ते सात ध्यान, सातला प्रवचन, परत थोडं ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. पाचच्या चहासोबत मूठभर कुरमुरे आणि एखादं फळ. रात्रीचं जेवण नाही. भुकेची मला जी धास्ती होती ती दुसऱ्या दिवशीच गेली. नुसतं बसणाऱ्याला फार लागत नाही. मात्र कुरमुऱ्यांची वाट साडेतीनपासून बघितली जायची, हे खरं.

सूचना आणि प्रवचनं सत्यनारायण गोयंका यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात असतात. ते २०१३ साली गेले. हॉलमध्ये सहाय्यक आचार्य समोर बसलेले असतात, पण शिकवतो तो आवाज. गोयंका ब्रह्मदेशात जन्मले, तिथेच व्यापार केला. अर्धशिशीचा त्रास होता, मॉर्फिनची इंजेक्शनं घेण्यापर्यंत वेळ आलेली. तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी चक्क नकार दिला: डोकेदुखीच्या औषधासाठी येत असाल तर येऊ नका. मग १९५५ मध्ये त्यांच्याकडे केलेलं पहिलं शिबिर, १९६९ मध्ये भारतात येणं आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र. मला त्यांच्यापेक्षा ऊ बा खिन जवळचे वाटले, कारण ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. हिशेबाच्या खात्यातला माणूस! ऑफिसातल्या लोकांनाही ध्यान शिकवायचे म्हणे. आमच्या खात्यात असं कोणी सुरू केलं तर लोक बदलीचा अर्ज देतील.

पहिले साडेतीन दिवस आनापान. श्वास येतोय, जातोय, एवढंच जाणायचं. मुद्दाम लांब करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत कुठलं नाव घ्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. चार-पाच श्वास झाले की मी आमच्या स्वयंपाकघरात, नाहीतर २००९ सालच्या एका लग्नातल्या मानापमानात. आणि तिथलं भांडण प्रत्येक वेळी मीच जिंकायचे. माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट ही, की मनात दोनच फायली उघडतात. एकीवर 'असं व्हायला नको होतं', दुसरीवर 'असं झालं पाहिजे'. चालू महिन्याची फाइलच नाही.

दुसरा आणि सहावा दिवस जड जातो असं जुने साधक सांगतात. मला दुसरा गेला. पाऊस कोसळत होता, पाठ आखडली होती, शेजारची बाई सतत नाक ओढत होती आणि मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी चिडले की स्वतःचंच नवल वाटलं. तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांखालच्या आणि वरच्या ओठावरच्या जराशा जागेत काय जाणवतं ते बघायला सांगितलं. तासभर काही नाही. मग तिथे श्वासाचा गारवा कळला, मग उष्णपणा, मग मुंगी चालल्यासारखं काहीतरी. एवढ्याशा जागेत इतकं चाललेलं असतं, आणि चव्वेचाळीस वर्षं पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत मन फिरवायचं, जिथे जी संवेदना असेल ती बघायची. दुखत असेल तर दुखणं, खाज असेल तर खाज, काहीच नसेल तर थांबून बघायचं. आवडलं म्हणून रेंगाळायचं नाही, नावडलं म्हणून हलवायचं नाही. त्या दिवसापासून दिवसातून तीनदा तासभराचं अधिष्ठान: डोळे, हात, पाय न हलवता बसायचं. खुर्ची मागितली तर मिळते, आणि गुडघ्याचं खरंच दुखणं असेल तर जरूर मागावी. मी मागितली नाही. थोडा हट्ट, थोडं कुतूहल.

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते इथून पुढे आहे.

उजवा गुडघा. विसाव्या मिनिटाला तो सुरू व्हायचा. आधी नुसता गरम, मग आतून कोणी स्क्रू पिळतंय असा. पहिल्या दोन अधिष्ठानांत मी दात आवळून तास काढला, म्हणजे जिंकल्यासारखं केलं; घामाने पाठ भिजली. पाचव्या दिवशी सकाळी कंटाळूनच म्हटलं, बघू तरी दुखतं म्हणजे नक्की काय होतं. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, ठणका होता. तो एकसारखा नव्हता. ठण, मग जरा पोकळी, मग ठण. कडेला जळजळ, मधे दाब. दाबावर लक्ष ठेवलं तर तो सरकायचा. आणि या सगळ्याच्या भोवती, छातीत आणि जबड्यात, वेगळंच एक आवळणं होतं. ते गुडघ्यातलं नव्हतंच. ते 'अजून किती वेळ?', 'काही कायमचं झालं तर?', 'हे लोक असं का करायला लावतात?' या प्रश्नांचं होतं. जबडा सैल सोडला. गुडघा दुखतच राहिला, पण अर्धा त्रास गेला. पाली वाङ्मयात बुद्धाने दिलेला दोन बाणांचा दृष्टांत आहे: पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा माणूस स्वतःच मनात मारून घेतो. तो मी आधीही वाचला होता, छान वाटला होता आणि विसरून गेले होते.

सहाव्या दिवशी दुपारी उलटंच झालं. डोक्यापासून खाली येताना सगळ्या अंगातून बारीक, मऊ थरथर वाहायला लागली. कुठे गाठ नाही, कुठे अडथळा नाही. तास कसा गेला कळलं नाही. इतकं हलकं मला आठवत नाही कधी वाटलेलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा मुलाला हातात दिलं तेव्हा जरा तसं असेल. हॉलबाहेर आले तर ओलं गवतसुद्धा निराळंच दिसत होतं. मनात आलं, हेच ते. आतलं सुख ते हेच. सापडलं. आता याला ना हप्ता, ना कर्ज.

पुढचं सगळं बसणं त्याच्या शोधात गेलं. संध्याकाळी नाही मिळालं. सातव्या दिवशी पहाटे नाही. मी घाईघाईने डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर जात होते, कुठे ती थरथर दिसतेय का बघत. पाठीत नुसता दगड. दुपारपर्यंत माझी इतकी चिडचिड झाली की जेवणही नीट गेलं नाही. काल काय खाल्लं होतं, कोणत्या बाजूला रेलले होते, पाय कसा दुमडला होता, सगळं तसंच्या तसं करून पाहिलं. उशीसुद्धा कालची शोधून आणली.

धम्मसेविकेकडे नाव देऊन बारानंतर आचार्यांकडे गेले. साध्या सुती साडीतल्या, साठीच्या बाई. पाच मिनिटंच मिळतात. मी काल काय झालं ते रंगवून सांगितलं आणि आज ते येत नाही म्हणाले.

त्या म्हणाल्या, "काल ते आलं तेव्हा तुम्ही बोलावलं होतं का?"

"नाही."

"मग आता गेलं तर शोधायला का निघालात? पाठीत दगड आहे ना, मग दगड बघा."

बस्स. पुढचं नाव पुकारलं.

खोलीकडे जाताना मी मोठ्याने हसले असते, मौन होतं म्हणून राहिले. कर्ज फिटल्याच्या आठवड्यात मोठी घरं बघणारी बाई इथे डोळे मिटून तेच करत होती. फक्त बाहेरच्या वस्तूच्या जागी आतली वस्तू आली होती. इथे येईपर्यंत माझी समजूत अशी होती की गाडी, घर, बढती यांचं सुख टिकत नाही कारण ते बाहेरचं आहे. आतलं मिळालं की ते टिकेल. पण ती थरथरसुद्धा आली तशी गेली. तिच्यामागे धावायला लागले, त्या क्षणी तिचा आणि त्या जाहिरातींचा हिशेब एकच झाला. 'आत' म्हणजे कुठे, ते त्या दिवशी मला थोडंसं कळलं. अंगात जे वाटतं ते आत नव्हे. सुखद असो वा दुःखद, त्याच्याकडे न झोंबता बघता येतं, त्या बघण्याला 'आत' म्हणायला हरकत नाही. गोयंका प्रवचनात समता, समता म्हणून घोकतात ते हेच. पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी ऐकतही होते.

आठवा, नववा दिवस शांत गेले. चमत्कार काही नाही. पंधरा ऑगस्टला लांबून कुठून तरी लाउडस्पीकरवर गाणी ऐकू आली, तेव्हा तारीख कळली. पॅगोडातलं शून्यागार, म्हणजे एकाच माणसाला बसता येईल अशी अंधारी कोठडी, मला मिळालं होतं. काहींना तिथे गुदमरतं, मला फार आवडलं. सगळंच पटलं असंही नाही. जुने संस्कार वर येतात आणि त्यांची निर्जरा होते, म्हणजे ते झडून जातात, हे स्पष्टीकरण मी बाजूला ठेवलंय. त्याच्यावाचून माझं अडलं नाही. प्रवचनातले काही विनोदही चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तेच तेच वाटतात. पण सबंध दिवसात माणसाचा तेवढाच आवाज कानी पडायचा, त्यामुळे सात वाजायची ओढ मात्र असायची.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवलं आणि मौन सुटलं. एकदम इतका कलकलाट झाला की मी अर्धा तास खोलीत जाऊन बसले. नाक ओढणारी बाई भेटली. पुण्याकडच्या शिक्षिका, धुळीची ॲलर्जी. म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला असेल." मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी झाला." त्याच दिवशी देणगीचं टेबल लागतं. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. कोणी आकडा सुचवत नाही, आग्रह करत नाही, पावती मिळते. माझ्यावर झालेला खर्च आधीच्या कोणीतरी दिला होता, हे डोक्यात ठेवून मी जमेल तेवढे दिले.

अठरा तारखेला पहाटेचं शेवटचं प्रवचन, खोली झाडून पुसून देणं, नाश्ता, मोबाइल परत. फोन लगेच चालू करू नका हा माझा कळकळीचा सल्ला. मी स्टेशनावर चालू केला आणि शेकड्याने मेसेज धडधड येऊन पडले. डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती, घरात पाहुणे, नारळीभाताचा घाट. जमलं तर परत आल्यावर एक दिवस मोकळा ठेवा. मला जमलं नाही.

घरच्यांना बहुतेक वेगळी मी अपेक्षित होते. चौथ्या दिवशी मुलावर ओरडले तेव्हा तो म्हणाला, "आई, पैसे परत माग." मी म्हटलं, घेतलेच नव्हते.

सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं सांगतात. सप्टेंबरमध्ये बहुतेक दिवस सकाळचा तास झाला, संध्याकाळचा क्वचित. गणपतीत दोन्ही बुडाले. आता सकाळी पाच ते पावणेसहा बसते, डबे करायच्या आधी. संध्याकाळी लोकलमध्ये जागा मिळाली तर डोळे मिटून दहा-पंधरा मिनिटं नुसता श्वास. लोकांना वाटतं झोपलेय, बरंच आहे.

फरक कुठे पडला हे एका प्रसंगावरून सांगते. नोव्हेंबरमध्ये बढतीची यादी लागली. त्यात माझं नाव असेल असं मला आणि बाकीच्यांनाही वाटत होतं. नव्हतं. नोटीस बोर्डासमोर उभी असताना कान तापले, घशात काहीतरी वर सरकलं, पोटाच्या वरच्या बाजूला घट्ट गोळा बसला. हे सगळं मला दिसत होतं, ही नवी गोष्ट. वाईट वाटलंच. रात्री झोपही उशिरा लागली. पण चार वर्षांपूर्वी असंच झालं होतं तेव्हा मी महिनाभर घरात धुमसत होते. कोणाला मिळाली, का मिळाली, कोणी कोणाचे पाय धरले, यावर नवऱ्याचे कान किटले होते. या वेळी ते बोलणं सुरू व्हायचं, पोटातला गोळा जाणवायचा आणि वाक्य अर्ध्यावरच सुटायचं. तिसऱ्या दिवशी ज्याला बढती मिळाली त्या मुलाला मी पेढे मागितले. आणि हो, कारणं विचारणारा रीतसर अर्जही वरच्या कार्यालयात दिला. समता म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण तसंच असावं.

घरांच्या जाहिरातींचं म्हणाल तर त्या अजूनही येतात. कधीमधी उघडते. फरशी कोणती घातलीय ते बघायला मला आवडतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शक्यतो घरातल्या माणसासोबत किंवा मैत्रिणीसोबत जाऊ नये, असं माझं मत. दोघींचं लक्ष एकमेकींकडे लागतं. आमच्या वेळी दोन बहिणी होत्या, त्यांचं मौन तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात सुटलं. आणि जायचंच असेल तर अर्ज टाकून ठेवा. मनाची तयारी प्रतीक्षा यादीत होते. एकदा दहा दिवसांचं शिबिर पूर्ण झालं की एक दिवसाच्या आणि तीन दिवसांच्या शिबिरांना बसता येतं. तीन दिवसांच्या एका शिबिराचा अर्ज मी परवाच भरला. जुन्या साधकांचा फॉर्म वेगळा असतो, त्यात आधीच्या शिबिराची तारीख आणि ठिकाण विचारतात, तेव्हा ते कुठेतरी लिहून ठेवा. रजेचा अर्जही दिलाय. साहेबांनी एवढंच विचारलं की हे तिमाहीच्या हिशेबाच्या आठवड्यात तर येत नाही ना.